चौकस लेकराला कुठे अडवायचं आणि कसं?

अबोली_चिंचवड

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा एकोणीस महिन्यांचा आहे. चालायला लागल्यापासून घरातल्या प्रत्येक वस्तूला त्याचा हात लागलेला आहे आणि खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडतं. कुकरची शिट्टी काढायची, परत बसवायची. ट्रॉली ओढून डबे बाहेर काढायचे आणि एकाचं झाकण दुसऱ्याला लागतं का ते बघत बसायचं. झाकण लागलं नाही तर ते उलटं करून बघतो, मग दुसरं उचलतो. अशा वेळी त्याला हाक मारायचंही जिवावर येतं.

प्रश्न आहे तो मोजक्या जागांचा. गॅसचा नॉब, देवघरातली समई, सोफ्यामागचा सॉकेट आणि बाथरूममधली बादली. त्यातल्या नॉबने जीव मेटाकुटीला आलाय. टाचा उंचावल्या की त्याची बोटं आता ओट्यापर्यंत पोचतात. दोन्ही हातांनी नॉब धरतो, मान वळवून माझ्याकडे बघतो, मी ‘नाही हं बाळा’ म्हणते, तो हसतो आणि फिरवतो. हे मुद्दाम चाललंय असं घरात सगळ्यांचं ठाम मत आहे.

घरी सासू-सासरे, आम्ही दोघं आणि हा. सासूबाई ‘बागुलबुवा येईल’ म्हणतात. सासरे ‘करू दे गं, लेकरू आहे’ म्हणतात. नवरा एकदम मोठ्यांदा ओरडतो. मी समजावत बसते. चौघांचे चार कायदे. मी ऑफिसच्या कॉलवर असते तेव्हा दिवसभर तो सासूबाईंकडेच असतो, त्या त्याचं सगळं प्रेमाने करतात, त्यामुळे त्यांना दुखवून काही बोलायचं नाही.

या वयात ‘नाही’ म्हटलेलं कळतं का? कळतं तर ऐकत का नाहीत? हातावर एखादी चापटी दिली तर चालते का? आणि सतत अडवून त्याची ही चौकस वृत्ती मारली तर जाणार नाही ना, ही भीती सगळ्यात मोठी. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं ही विनंती.

निखिलचे_बाबा

आमच्याकडे कन्या एकवीस महिन्यांची आणि तंतोतंत हीच परिस्थिती. फक्त नॉबच्या जागी वॉशिंग मशीन. रुमाल टाकून बसतोय, सगळे प्रतिसाद वाचणार.

कुंदामावशी

अबोली, मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, आता निवृत्त आहे. नातवंडंही हाताखालून गेली. जे पक्कं वाटतं तेवढंच लिहिते.

पहिलं म्हणजे, तुझी भीती रास्त आहे पण ती चुकीच्या जागी लागलीय. चार जागी अडवल्याने चौकसपणा मरत नाही. तो मरतो तो चाळीस जागी अडवल्याने. एक दिवस जरा कान देऊन ऐक, घरातली सगळी मिळून ‘नको, हात लावू नको, पडेल, फुटेल, घाण आहे’ हे किती वेळा म्हणतात. दर दोन मिनिटाला तेच ऐकू आलं की मूल ते ऐकायचं बंद करतं. मग नॉबपाशी म्हटलेलं ‘नको’ आणि चपलेपाशी म्हटलेलं ‘नको’ त्याला सारखंच. म्हणून आधी यादी छाटा. ज्याने जीव जाईल, भाजेल, रक्त येईल किंवा दुसऱ्याला लागेल तेवढंच ठेवा. डबे, झाकणं, चपला, पिठाची परात, कपड्यांचं कपाट, सगळं मोकळं सोडा. पसारा होईल. होऊ दे.

दुसरं, अडवलेल्या प्रत्येक जागेला लागून एक मोकळी जागा द्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांना सोबत घेऊन कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये ते काम वाढवलं. परिसरात मिळणाऱ्या वस्तूच त्यांनी शिकण्याचं साधन केल्या. त्याच्याही आधी, १९२० साली, गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाई तिथेही होत्या. तिथपासून चालत आलेली गोष्ट साधी आहे. मुलाला खोटं काम नको असतं. आई करते ते खरं काम त्याला हवं असतं. त्याला नॉब हवाय कारण तुम्ही सगळे दिवसातून दहा वेळा त्याला हात लावता आणि लावला की जाळ उठतो. घरातली सगळ्यात मोठी जादू तीच आहे.

म्हणून स्वयंपाक करताना त्याला शेगडीच्या विरुद्ध बाजूला, जमिनीवर, पाटाशी बसव. कणकेचा गोळा दे. एका वाटीत मूठभर तांदूळ आणि एक मोठा चमचा दे, दुसरी वाटी रिकामी. ओतायचं, सांडायचं, परत भरायचं. पालेभाजी निवडायला घे तर मेथीच्या चार काड्या त्याच्या हातात दे. काड्यांचं तो काय करतो याला महत्त्व नाही, तो तुझ्या कामात आहे याला आहे. माझ्या बालवाडीत सगळ्यात दांडगट म्हणून आलेली पोरं पाण्याचा जग सांभाळायला दिला की शांत व्हायची. जग मोठा, पाणी थोडं, आणि सगळ्यांना वाढायचं काम.

बागुलबुव्याबद्दल वेगळं लिहीन, हात दुखतोय.

देवरुखकर

कुंदाताईंशी बरंचसं सहमत. पण जरा दुसरी बाजू मांडतो. आम्ही गावात राहतो. अंगणात विहीर, मागे पडवीत विळी, कोयता, गुरांचा गोठा, पावसाळ्यात विंचू. शहरातल्या फ्लॅटसारखं सगळं उचलून वर ठेवता येत नाही. आमच्या लहानपणी विहिरीजवळ गेलं की पाठीत धपाटा बसायचा आणि आम्ही जायचो नाही. एक धपाटा बरा की विहीर बरी? हा प्रश्न मी प्रामाणिकपणे विचारतोय, वाद घालायला नाही. माझी धाकटी आता चौदा महिन्यांची आहे, त्यामुळे हा विषय माझ्याही घरात रोजचा आहे.

बालरोगवाला

मी बालरोगतज्ज्ञ आहे. धागा वाचून राहवलं नाही. प्रतिसाद मोठा आहे, सवडीने वाचा.

आधी अबोलीताईंचा मुख्य प्रश्न. ‘नाही’ कळतं का? कळतं. वर्षाच्या आसपासच बहुतेक मुलांना सुरातून आणि चेहऱ्यावरून कळायला लागतं. पण कळणं आणि हात मागे घेता येणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. स्वतःला आवरण्याचं काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं, आणि तो भाग पक्का व्हायला विशीपलीकडे जातो. एकोणीस महिन्यांचं मूल हात पुढे करतानाच स्वतःच ‘नाही नाही’ अशी मान हलवतं हे तुम्ही पाहिलं असेल. त्याला नियम माहीत आहे. ब्रेक लागत नाही.

आता ते वळून बघणं. घरात सगळ्यांना ते मुद्दाम वाटतंय, मला तसं वाटत नाही. यावर एक फार सुंदर प्रयोग झालेला आहे. १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक टेबल बनवलं. वर सलग जाड काच, खाली अर्ध्या भागात काचेला चिकटून चौकटीचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली खोल. रांगणाऱ्या बाळाला वाटतं की पुढे कडा आहे. पुढे १९८५ साली जेम्स सॉर्स आणि सहकाऱ्यांनी ही खोली अशी ठेवली की बाळाला जावं की न जावं असा संभ्रम पडावा, आणि पलीकडे आईला उभं केलं. बाळं वर्षाची होती. कडेशी येऊन ती आईच्या तोंडाकडे बघत. आईचा चेहरा आनंदी असला तर १९ पैकी १४ बाळं काचेवरून पार गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आया एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

तुमचा मुलगा नॉब धरून तुमच्याकडे बघतो तेव्हा तो हाच प्रश्न विचारतोय : जाऊ का? तुम्ही गोड आवाजात ‘नाही हं बाळा’ म्हणता, आजोबा शेजारी हसत असतात, कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत असतं. त्याला उत्तर मिळतं, ‘जा’. तेव्हा पहिला बदल चेहऱ्याचा करा. नॉबपाशी कोणीही हसायचं नाही. आवाज चढवायची गरज नाही, आवाज खाली आणि चेहरा गंभीर. दोन-तीन शब्द, ‘गॅस. हात नाही.’ आणि बोलता बोलताच त्याला उचलून बाजूला. बोलून थांबायचं नाही, आपण उठायचं. या वयात नियम आपल्या पायात असतो. सोफ्यावर बसून दिलेल्या सूचनेचा काही उपयोग होत नाही.

आणि परत परत करणं. बालमानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजे यांनी दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांचं हेच वर्णन केलंय. मूल तीच कृती थोडी थोडी बदलून करतं आणि दर वेळी काय होतं ते बघतं. चमचा खुर्चीवरून टाकायचा, मग जोरात टाकायचा, मग डाव्या हाताने. तुमच्या ‘नाही’वरही तो हाच प्रयोग करतो. आईसमोर काय होतं, आजीसमोर काय होतं, बाबा घरी नसताना काय होतं. चौघांकडून चार उत्तरं आली तर प्रयोग संपतच नाही. एकच उत्तर येत राहिलं की तो कंटाळतो आणि पुढच्या गोष्टीकडे वळतो. दोन दिवसांत होणार नाही, काही आठवडे द्या.

देवरुखकर, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सरळ उत्तर देतो. धपाट्याने मूल विहिरीपासून लांब राहतं ते मारणारा समोर असेपर्यंत. चौदा महिन्यांच्या मुलीला ‘विहीर म्हणजे बुडणं’ हे धपाट्यातून समजत नाही, ‘बाबा आले की मार’ एवढं समजतं. विहिरीला हवा कठडा आणि वर लोखंडी जाळी. आपल्याकडे शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली घरातल्या मारण्याविरुद्धही स्पष्ट भूमिका घेतली, कारण त्याने मुलं पुढे जास्त आक्रमक होतात असंच अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलंय. अबोलीताई, हातावरची चापटीही यातच आली. मार तर नाहीच, पण हात लावून रोखणं वेगळं. मनगट धरा, उचला, दार लावा. ते बेलाशक करा.

आता त्या चार जागांबद्दल. इथे शिकवण्याचा प्रश्नच येत नाही, इथे बंदोबस्त करायचा.

बादली सगळ्यात आधी. आपल्याकडे बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची पद्धत आहे. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. मूल वाकून आत पडलं की त्याला स्वतःला वर काढता येत नाही आणि बुडायला काही इंच पाणी पुरतं. आवाजही होत नाही. बादली कायम रिकामी आणि उपडी, बाथरूमला बाहेरून वरच्या बाजूला कडी. यात घरातल्या कोणालाही सवलत नाही.

गॅस वापरून झाला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, पाइपगॅस असेल तर भिंतीवरचा कॉक बंद. मग त्याने नॉब फिरवला तरी काही होत नाही, आणि काही झालं नाही की त्याला रसही राहत नाही. हे विशेषतः सिलिंडरवाल्यांनी पाळा. तो गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणजे मुलाच्याच उंचीवर.

याशिवाय न विचारलेली एक गोष्ट सांगतोच. रिमोटमधले आणि खेळण्यांतले चपटे गोल सेल. विशेषतः वीस मिलिमीटरचे लिथियमचे. ते अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून जाळायला सुरुवात करतात. वर काही दिसत नाही, मूल फक्त लाळ गाळतं, खात नाही. संशय जरी आला तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात, एक्स-रे. ‘शीतून पडेल’ म्हणत थांबायचं नाही, उलटी करवायची नाही. रिमोटचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर आजच चिकटपट्टी लावा.

अबोली_चिंचवड

डॉक्टर, तो काचेच्या टेबलाचा प्रयोग मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “म्हणजे ते लेकरू आपल्याला विचारत होतं आणि आपण हसत होतो.” सासऱ्यांनीही ऐकलं. कोणावर बोट न ठेवता विषय निघाला याचं मला फार बरं वाटलं. मनापासून आभार.

कुंदामावशी, यादी छाटायला आज बसतोय चौघं. बागुलबुव्याबद्दल लिहा ना.

विजेचा_माणूस

सॉकेटबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. वायरिंगचीच कामं करतो.

नवीन घरांत बहुतेक शटरवाले सॉकेट असतात. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची अर्थिंगची पिन थोडी लांब असते. ती आधी आत जाते, मग खालच्या दोन भोकांवरचे पडदे उघडतात. पोराने खालच्या भोकात काही घातलं तर पडदा आडवा येतो. सोय चांगली आहे. पण आपण काय करतो? दोन पिनांचा चार्जर बसत नाही म्हणून पेनचं टोक किंवा स्क्रू-ड्रायव्हर वरच्या भोकात घालतो आणि पडदा उघडून चार्जर खुपसतो. तेही पोरासमोर. वरच्या भोकात काहीतरी घातलं की खालचं उघडतं हे आपणच त्याला दाखवतो. कृपया हे बंद करा, योग्य ॲडॉप्टर घ्या.

स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डांना बरेचदा शटर नसतं आणि ते जमिनीवरच लोळत असतात. ते आधी उचला. भोकात बसवायची प्लास्टिकची बुचं मिळतात, पण सुटी लहान बुचं पोराच्या तोंडात जायची भीती असते. नखाने निघणार नाहीत अशी घट्ट घ्या, नाहीतर सोफा, कपाट सॉकेटसमोर सरकवा.

आणि मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघा. एमसीबी वायर वाचवतो. माणसाला शॉक लागून वीज जमिनीत उतरायला लागली की पुरवठा तोडतो तो आरसीसीबी. त्यावर टेस्टचं बटण असतं, अधूनमधून दाबून बघा. तो पडला, म्हणजे वीज बंद झाली पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

निखिलचे_बाबा

पेनने पडदा उघडायची सवय आमच्या अख्ख्या सोसायटीला असेल. ग्रुपवर टाकतोय हे, तुमची हरकत नसेल तर.

विजेचा_माणूस

खुशाल टाका.

कुंदामावशी

बागुलबुवा.

बागुलबुवा, पोलीसकाका, ‘डॉक्टर सुई टोचतील’, ‘झोळीवाला नेईल’. आपल्या आज्यांनी हेच वापरलं आणि त्या वाईट नव्हत्या. घरात दहा माणसांचा स्वयंपाक, चुलीवर आधण, पाठीला मूल. ते लांब ठेवायला हाताशी तेवढंच होतं. त्यामुळे अबोली, सासूबाईंशी बोलताना ‘तुम्ही त्याला घाबरवता’ अशी सुरुवात करू नकोस. त्या त्याच्या भल्यासाठीच करतायत.

पण नुकसान खरं आहे. बालवाडीत पहिल्या दिवशी मी ते दर वर्षी बघायचे. अंधाऱ्या मोरीत जायला नकार, मग चड्डीतच होणं, मग त्यावरून रागावणं. आजारी पडलं की दवाखान्याच्या पायरीवरच किंचाळणं. आणि मेळ्यात हरवलेलं मूल खाकी कपड्यातला माणूस दिसला की त्याच्याकडे जाण्याऐवजी पळतं. ही गोष्ट आजी-आजोबांना लगेच पटते, कारण जत्रेत मूल हरवण्याची धास्ती त्यांना आपल्याहून जास्त असते.

शिवाय बागुलबुव्यामुळे नियम कोणाचा ते कळत नाही. ‘आजी नको म्हणते’ यात वजन आहे. आजी रोज दिसते, जेवू घालते, तिचा शब्द मोडायला मुलालाच नको वाटतं. ते वजन उगाच बागुलबुव्याला देऊन टाकायचं कशाला? सासूबाईंना असंच सांग, की तुमचा शब्द पुरतो. त्यांना मान मिळतो आणि तो खोटाही नाही.

सुखदा_न्यूजर्सी

फार उपयोगी धागा. एक वेगळा मुद्दा विचारते. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा. धोक्याच्या जागांचं आता जमलंय, हात लावत नाही. पण ‘चल, खेळणी आवर’, ‘चल, बूट घाल’, ‘बागेतून घरी चल’ म्हटलं की जमिनीवर लोळण. इतकं समजूतदार मूल एका गोष्टीत ऐकतं आणि दुसरीत अजिबात नाही, हे कोडं सुटत नाही.

बालरोगवाला

कोडं नाही, तसंच असतं. ग्रॅझिना कोचान्स्का या संशोधिकेने हे वर्षानुवर्षं अभ्यासलंय. ‘हे करू नकोस’ हे मुलांना आधी जमतं, ‘हे करत राहा’ हे बरंच नंतर. आकर्षक खेळण्याला हात न लावणं एकवेळ जमतं, पण कंटाळवाणं आवरायचं काम रेटत राहणं फार अवघड. तेव्हा सव्वादोनच्या मुलाने एकट्याने खेळणी आवरावीत ही अपेक्षाच सोडा. तुम्ही खाली बसा, तुम्ही सहा उचला, तो एक उचलेल. तिथून वाढतं.

बागेतून निघताना ‘पाच मिनिटांत जायचं’ याचा त्याला अर्थ लागत नाही. ‘अजून तीन झोके, मग बूट’ हे कळतं. तीन मोठ्याने मोजा आणि तिसऱ्यानंतर खरंच उतरवा, रडला तरी. रडू द्या. रडणं थांबवणं हे आपलं काम नाही, शेजारी असणं आहे. आणि चौथा झोका एकदाही द्यायचा नाही, कारण एकदा दिला की पुढच्या वेळी तो रडून तोच मागणार. लोळण घेतली तर आपटेल अशा जागेवरून उचला आणि शांत बसा. त्या वेळी समजावू नका, ऐकायच्या अवस्थेत तो नसतो.

एक मात्र तपासा. संध्याकाळी सहाच्या लोळणीचं कारण बरेचदा भूक किंवा झोप असते. वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून अकरा ते चौदा तास झोप लागते, तीन वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा. रात्री अकरापर्यंत जागणारी मुलं मी रोज बघतो आणि त्यांचे पालक शिस्तीचा प्रश्न घेऊन आलेले असतात.

देवरुखकर

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद परत वाचला. ‘मारणारा समोर असेपर्यंत’ हे डोक्यात बसलंय. विहिरीला कठडा होताच, वरची जाळी करायला लोहाराकडे माप देऊन आलो. पंपासाठी एका बाजूला झडप, तिला कुलूप. विळी आता वापर झाला की लगेच पातं मिटवून भिंतीला टांगायची, असं घरात ठरलंय. कोयता गोठ्याच्या आढ्याला.

गावाकडच्यांसाठी आणखी एक. फवारणीचं औषध, रॉकेल, फिनेल, ॲसिड हे सरबताच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. लेकरू बाटली ओळखतं, आतलं ओळखत नाही. आमच्या तालुक्यात सगळ्यांच्या घरी ही सवय आहे. डॉक्टर, यावर लिहाल का?

बालरोगवाला

बरं झालं काढलंत. रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. रॉकेल उलटीतून फुप्फुसात जातं आणि तिथेच खरा घात करतं. ॲसिड येताना पुन्हा जाळतं. बाटली सोबत घ्या आणि निघा. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मिळते. डांबराच्या गोळ्या कपाटात खालच्या कप्प्यात नकोत, त्या मुलांना गोळ्या-बिस्किटांसारख्या दिसतात.

आणि भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही.

अबोली_चिंचवड

घरची यादी झाली, इथे टाकते. चारच गोष्टी ठेवल्या : गॅस, सॉकेट, दिवा-उदबत्ती, आणि बाथरूममध्ये एकट्याने जाणं. सासऱ्यांनी स्वतः ‘रस्त्यावर हात सोडायचा नाही’ ही पाचवी घातली, कारण संध्याकाळी तेच त्याला फिरायला नेतात. शब्द सगळ्यांचे सारखे. ‘गॅस. हात नाही.’ नवराही आता ओरडत नाही, उठून उचलतो.

देवघराचं सासूबाईंनी फार छान काढलं. समई वरच्या फळीवर गेली, काडेपेटी आणि उदबत्त्या वरच्या कप्प्यात, आणि खालच्या फळीवर त्याच्यासाठी एक छोटी घंटा आणि तांब्याभर फुलं. सकाळी पूजा सुरू झाली की तो फुलं एक एक करून ताम्हनात ठेवतो. घंटा जरा जास्तच वाजते. दिव्याकडे लक्ष जातं अजूनही, पण हात फुलांत गुंतलेले असतात.

नॉबचं म्हणाल तर अजून जातो, धरतो, वळून बघतो. चौघांचा चेहरा आता सारखा असतो. कधी कधी स्वतःच सोडून देतो आणि तांदळाच्या वाटीकडे येतो, कधी उचलावं लागतं.

सुखदा_न्यूजर्सी

अबोली, वाचून खूप छान वाटलं. माझा शेवटचा प्रश्न. दिवाळीला आम्ही नाशिकला आई-बाबांकडे येतोय. इथे घरात फाटकं, कुलपं सगळं लावलेलं आहे. तिथे काहीच नाही, आणि पणत्या, फराळ, रांगोळी, दहा पाहुणे. सगळ्यांना नियम सांगत फिरायचं म्हणजे सण सोडून तेच. कसं करावं?

कुंदामावशी

सगळ्यांना सांगू नकोस. आईला निघण्याआधीच फोनवर तीन गोष्टी सांग : बादल्या उपड्या, औषधांच्या गोळ्या पर्समधून आणि उशीखालून वरच्या कपाटात, आणि पणत्या जमिनीवर न ठेवता कठड्यावर किंवा खिडकीत. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नक्की उशाशी असतील, ते आधी. घराच्या सगळ्या खोल्या सुरक्षित होणार नाहीत, एक खोली कर. दार लावता येईल अशी. तिथे त्याला मोकळं सोड.

फराळात चिवड्यातले शेंगदाणे आणि फुटाण्याच्या डाळ्या याकडे लक्ष दे. चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत ते अडकतात आणि पाहुणे कौतुकाने भरवतातच. त्याच्यासाठी बिनदाण्याचा डबा वेगळा ठेव आणि ‘त्याचं याच डब्यातलं’ एवढं एकच सगळ्यांना सांग, तेवढं पाळतात लोक. धावताना खायला द्यायचं नाही, बसवून.

आणि पणत्यांचं काम त्याला दे. न पेटवलेल्या पणत्या पाण्यातून काढून पुसायच्या, ओळीने मांडायच्या, वात ठेवायची. तेल मोठ्यांनी घालायचं आणि पेटवताना त्याला कडेवर घ्यायचं. रांगोळीला एक कोपरा पाटाने आखून दे, तो त्याचा. बाकीच्या रांगोळीवर पाय पडेलच, आईला आधीच सांगून ठेव.

बालरोगवाला

भुईचक्र आणि अनार संपल्यावरही बराच वेळ तापलेले असतात, फुलबाजीची तार तर सगळ्यात जास्त. पाण्याची बादली शेजारी ठेवा आणि तार त्यातच टाका. फटाके उडवून झाले की ती बादली लगेच ओतून उपडी करा.